डावीकडे ओढणारा चार नंबर

कपाटात एकूण नऊ यंत्रमानव होते. चार बॅटरीचे आणि पाच चावीचे. बॅटरीच्या चारांपैकी दोघांच्या छातीत दिवा लागत असे, एकाचे डोके गोल फिरत असे आणि एक जागेवर उभा राहून नुसता गुरगुरत असे. चावीचे पाचही चालत, पण सरळ कोणीच चालत नसे. क्रमांक एक, दोन, चार आणि पाच डावीकडे ओढत. क्रमांक सात तेवढा उजवीकडे ओढत असे. कोण किती अंशांनी ओढतो आणि बारा वेढ्यांच्या एका चावीत किती सेंटिमीटर चालतो, याची नोंद सूर्यभान गावंडेच्या चौकटीच्या वहीत होती.

सूर्यभान अमरावतीच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर होता. वय एकोणतीस, बायको एक, मूल अजून नाही. ही पत्र्याची माणसे त्याला शिकागोहून देवीदास पाठवी. अंजनगावच्या शाळेत दोघे एका बाकावर बसत. पुढे देवीदास इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेला आणि चार वर्षांत त्याने नऊ पार्सले पाठवली.

यंत्रमानव ज्या मालिकेतले होते ती तिकडे टेलिव्हिजनवर दर गुरुवारी लागे. मंगळावर एक ठाणे आहे, तिथे सहा माणसे आणि दहा यंत्रमानव राहतात, एवढे देवीदासने कळवले होते. सूर्यभानने मालिका पाहिलेली नव्हती. तो राहत होता त्या गल्लीत टेलिव्हिजन कोणीच पाहिलेला नव्हता. पण नऊ खोक्यांवरची नऊ चित्रे त्याने भिंगाखाली तपासली होती आणि त्यांवरून मालिकेची बरीचशी गोष्ट जुळवली होती. चार नंबर नऊपैकी सात चित्रांत दाराजवळ पुढे उभा होता. त्या अर्थी तो सेनापती, हा त्याचा निष्कर्ष होता.

त्याची बायको कौशल्या कपाटाला ‘नवग्रह’ म्हणे. यंत्रमानवांचा खण तिला पापडाच्या डब्यांसाठी हवा होता.

फेब्रुवारीत देवीदासचे पत्र आले. बहिणीच्या लग्नासाठी तो अकोल्याला येणार होता. त्याच्या शिकागोच्या घरमालकालाही हाच नाद होता आणि घरमालकाजवळ दहावा नंबर एक जादा होता. तो द्यायला घरमालक तयार होता, पण एका अटीवर. सूर्यभानकडच्या चार नंबरच्या पाठीवर ४ हा आकडा उलटा छापला गेला होता. कारखान्याची चूक. असे नग फार थोडे बाहेर पडले होते आणि घरमालक सहा वर्षे असा एक शोधत होता. उलटा चार द्या आणि दहावा घ्या. देवीदास दहावा बरोबर घेऊन येणार होता. सतरा मार्चच्या रविवारी अकरा वाजता येऊन बघणार होता आणि दुपारच्या गाडीने परतणार होता.

“नऊचे दहा होतीन,” सूर्यभान कौशल्येला म्हणाला. मग हिशेब लक्षात येऊन त्याने दुरुस्ती केली. “म्हंजे चार जाईन आन्‌ दहा येईन. नग नऊच. पन साध्या चारचं खोकं देवीदास कवाही धाडू शकते. दहावा मात्र पुन्हा भेटत नाही.”

“दहावा ग्रह तं माह्या बाबानं कवाचाच जावई करून घेतला,” कौशल्या म्हणाली. “अजून एक कायले पाह्यजे?”

सतरा मार्चच्या आधीच्या आठवड्यात सूर्यभानचे मामा नत्थुजी अंजनगावहून आलेले होते. गुडघ्यांना पंधरा दिवस शेक घ्यायचा होता. नत्थुजींनी चाळीस वर्षे बैलबाजारात दलाली केली होती. शेक सकाळी अर्धा तास चाले. उरलेल्या दिवसाचे काय करायचे, हा त्यांच्यापुढे प्रश्न होता. सूर्यभानने रविवारचे सांगितल्यावर ते खाटेवर उठून बसले.

“गिऱ्हाईक येऊन राह्यलं? आन्‌ तू मले आज सांगतं?”

“गिऱ्हाईक नाही मामा. देवीदास हाये, आपला.”

“पाहाले येते का नाही? मंग गिऱ्हाईकच. आन त्याले हिकडं.”

सूर्यभानने चार नंबर आणला. वीतभर उंच, निळा, चौकोनी छातीचा. डोक्यावर शिंगांसारखे दोन एरियल होते. नत्थुजींनी तो दोन्ही हातांत धरला, पाय हलवून पाहिले, तोंड कुठे उघडते का ते पाहिले आणि पाठीवरून अंगठा फिरवला.

“किती चालते?”

“एका चावीत चौऱ्याहत्तर सेंटिमीटर.”

“हातात सांग.”

“दीड हाताच्या वर.”

“सीधा?”

“नाही. डाव्याकडं ओढते. अकरा अंश.”

“मंग दाखवतानी भीत डाव्या अंगाले ठेवजो. भितीले घासत सीधा जाईन.”

“हे खोटं होईन मामा.”

“खोटं कोठी? भीत खरीच हाये ना.”

“आन्‌ अकरा अंश म्या पत्रात लिवून टाकले.”

नत्थुजींनी चार नंबर खाली ठेवला. “गिऱ्हाइकाले जनावराची खोड तुवा आधीच सांगतली?”

“हो.”

“पोस्टानं?”

“हो.”

नत्थुजींनी तंबाखूची डबी उघडली आणि काही न घेताच बंद केली. मग त्यांनी विचारले, “हा ज्या खेळातला हाये तो खेळ तुवा पायला?”

“नाही.”

“मंग तुले कसं मालूम हा कामाचा हाये का आळशी?”

सूर्यभानने त्यांना सात चित्रांचा पुरावा समजावून सांगितला. नत्थुजींनी शांतपणे ऐकून घेतले.

शुक्रवारी आणि शनिवारी सूर्यभानला अकोल्याला प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला जायचे होते. जाताना त्याने चार नंबर टेबलावर काढून ठेवला, म्हणजे रविवारी घाई नको. मामांना म्हणाला, “जरा ध्यान ठेवा याच्यावर.”

“तू बेफिकीर जा,” नत्थुजी म्हणाले.

शनिवारी चार वाजून दहा मिनिटांनी तो परत आला. खोलीत जवसाच्या तेलाचा वास होता. चार नंबर टेबलावर, घडी घातलेल्या पोत्यावर उभा होता. दोन्ही एरियल हिंगुळाने लालभडक रंगवले होते. सबंध अंग तेलाने चमकत होते. गळ्यात लोकरीचा एक गोंडा आणि एक घुंगरू होते.

“मामा, हे काय केलंत आपण?” सूर्यभान म्हणाला.

स्वयंपाकघरातून कौशल्या दारापर्यंत आली. सूर्यभान रागावला की शुद्ध बोलत असे, हे तिला लग्नानंतर दुसऱ्या महिन्यातच कळले होते.

“जे कराचं असते तेच केलं,” नत्थुजी म्हणाले. “बजारात जनावर काय असंच उभं करतेत? शिंगं रंगवली, अंगाले तेल लावलं. एक शिंग वाकडं होतं, ते सीधं केलं. पोळ्याचा हिंगूळ उरला होता थैलीत, कामी आला.”

“तेल कुणी दिलं?”

“म्या,” कौशल्या म्हणाली. “गुडघ्याले तेल मांगलं त्याईनं. आता कोन्या गुडघ्याले, हे इचारत बसू का मी?”

सूर्यभानने चष्मा काढून पुसला. पत्र्यावरचे तेल साबणाच्या पाण्याने जाईल. हिंगूळ स्पिरिटने जाईल. त्याने कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून उजव्या एरियलच्या टोकाला लावला. हिंगूळ निघाला. त्याखालचा निळा रंगही निघाला, त्याखालचा पत्रा दिसू लागला. त्याने बोळा खाली ठेवला.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “घरमालकाला रंगापेक्षा आकडा महत्त्वाचा आहे.”

“कोन्ता आकडा?” नत्थुजींनी विचारले.

“पाठीवरचा.”

“तो उलटा डाग?” नत्थुजी म्हणाले. “तो तं म्या काढला. ब्लेडानं. पुरा घंटा लागला, लई पक्का बसला होता.”

सूर्यभानने चार नंबर उलटा केला. पाठीवर, जिथे आकडा होता तिथे, साधारण दोन सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर रुंद असा स्वच्छ चकचकीत पत्रा होता.

“जुन्या मालकाचा डाग ठेवून कोनी जनावर दाखवते का?” नत्थुजी सांगत होते. “गिऱ्हाईक म्हनते, एक तं चोरीचं हाये, नाही तं मारकं म्हनून इकून राह्यलं. तुया भल्यासाठीच काढला.”

सूर्यभान ट्रंकेवर बसला आणि त्याने पहिल्यापासून सगळे समजावून सांगितले: कारखाना, छापण्याची चूक, सहा वर्षांचा शोध, घरमालक, दहावा.

नत्थुजींनी सगळे लक्ष देऊन ऐकले. “म्हंजे डाग चुकला म्हनून मोल होतं?”

“हो.”

“बरोबर असता तं?”

“तर काही मोल नव्हतं.”

“अमेरिकेत बजार कसा भरत असन, कोनजाने,” नत्थुजी म्हणाले. पण त्यांचा आवाज उतरला होता. संध्याकाळी ते जेवले नाहीत. कौशल्येने दोनदा विचारले. “चाळीस वर्सात माह्यामुळं कोनाचा सौदा मोडला नाही,” एवढेच ते तिला म्हणाले. “आन्‌ मोडला तं सख्ख्या भाच्याचा.”

रविवारी सकाळी सूर्यभान अंगणात आला तेव्हा नत्थुजी सरपणाच्या ढिगापाशी बसून चाकूने कापसाच्या पऱ्हाटीची एक काडी तासत होते. काडी वीतभर होती. तिच्या दोन्ही टोकांना त्यांनी खाचा पाडल्या होत्या.

“उजव्याकडं ओढनारा कोन्ता म्हनला होता तू?”

“सात.”

“आन त्याले.”

“मामा, आता कशालाही हात लावू नका.”

“अजून शुद्धच बोलून राह्यले हे,” कौशल्या चुलीजवळून म्हणाली.

“हात नाही लावत,” नत्थुजी म्हणाले. “जुपतो फक्त. डाव्याकडं ओढनाऱ्याले उजव्या अंगाले घ्याचं, उजव्याकडं ओढनाऱ्याले डाव्या अंगाले. मंग दोघं एकमेकाले रेटतेत आन्‌ गाडी सीधी जाते. अशा खोडीचे बैल म्या काही कमी नाही जोडले.”

यात तर्काची चूक सूर्यभानला सापडली नाही. त्याने सात नंबर आणला. नत्थुजींनी काडी दोघांच्या खांद्यांवर आडवी ठेवली आणि सुतळीने बांधली. सूर्यभानने फरशीवर खडूने रेघ ओढली. दोघांना बारा-बारा वेढे दिले आणि एकदम सोडले.

जोडी खडखडत निघाली. चारच्या गळ्यातले घुंगरू वाजत होते. रेघेच्या दोन्ही बाजूंना दोघे समान अंतर ठेवून चालले आणि रेघेवरच थांबले. सूर्यभानने मोजले. मग पुन्हा चावी दिली, पुन्हा मोजले, आणि एकदा आणखी. बाहत्तर सेंटिमीटर, विचलन शून्य. बाहत्तर, शून्य. एकाहत्तर, शून्य. चार वर्षांत त्याच्या कपाटातले काहीही सरळ चालले नव्हते.

“मामा,” तो म्हणाला, “हे लई भारी झालं.”

“आता बोलले बापा,” कौशल्या म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

देवीदास अकराला पाच मिनिटे कमी असताना आला. अंगात कोट, हातात चामडी बॅग. दारातूनच ओरडला, “नत्थुमामा! जित्ते हा अजून?”

“तुयं लगन लावल्याबिगर कसा जाऊ? तिकडं भेटली का एखादी?”

“भेटली तं तुमीच दात मोजान तिचे.”

बसल्याबसल्या त्याने बॅगेतून खोके काढले आणि खोक्यातून दहावा नंबर. चंदेरी रंग, डोक्यावर काचेसारखा घुमट, छातीवर लाल १०. चावी मात्र नव्हती. घरमालकाने ती कुठेतरी हरवली होती. सूर्यभानने दोन्ही हात पुढे केले, मग मागे घेतले. आधी सांगायला हवे होते. त्याने चार नंबर देवीदासच्या हातात दिला आणि जे घडले ते क्रमाने सांगितले.

देवीदासने शिंगे पाहिली. मग पाठ पाहिली. पाठ त्याने बराच वेळ पाहिली.

“हितं उलटा चार होता.”

“होता.”

“आता नाही.”

“नाही.”

“सूर्या, घरमालकानं मले तीनदा बजावलं. उलटा चार डोळ्यानं पाह्यल्याबिगर दहावा द्याचा नाही. मी शब्द देऊन बसलो बे.” त्याने दहावा उचलून खोक्यात ठेवला आणि खोक्याची झापे एकेक करून बंद केली.

सूर्यभान त्या झापांकडे पाहत राहिला. काहीतरी बोलायचे म्हणून तो म्हणाला, “मालिकेत चार नंबर सेनापती हाये ना?”

“कोन? हा?” देवीदास म्हणाला. “हा तं दाराशी उभा राहते. दार उघडाले. इतक्या वर्सात एक शब्द बोलला नाही.”

“आन्‌ चालते कसा?”

“आत मानूस असते ना. एक डाव त्याचा बूट दिसला होता.”

नत्थुजींनी सूर्यभानकडे पाहिले. त्यांनी देवीदासच्या हातातून चार नंबर काढून घेतला. “देव्या, घराच्या दारातून गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं, असं माह्या हयातीत झालं नाही. चहा पे. आन्‌ खाली पाह्य.”

त्यांनी जोडी जुंपली आणि सूर्यभानने चावी दिली. घुंगरू वाजवत जोडी रेघेवरून सरळ गेली. देवीदासने कप खाली ठेवला. मग कोट काढला, पँट गुडघ्यांशी वर ओढली आणि फरशीवर उकिडवा बसला.

“अजून एक डाव,” तो म्हणाला.

सात वेळा जोडी चालवली. आठव्या वेळी देवीदास स्वतः मागून “हर्र, हर्र” करत गेला.

“शिकागोत असं कोनापाशीच नसन,” तो म्हणाला. “घरमालक तं येडा होऊन जाईन.”

नत्थुजींनी खांद्यावरचे उपरणे काढले. “सूर्या, बोलनं मी करू का?”

“तुमीच बोला मामा,” सूर्यभान म्हणाला. आपल्या हातून काही होणार नाही याची त्याला खात्री होती, आणि आता बोलायचे ते चार नंबरबद्दलच, असे त्याने गृहीत धरले होते.

नत्थुजींनी उपरणे आपल्या आणि देवीदासच्या हातांवर टाकले. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली एकमेकांची बोटे दाबून ठरवतात, म्हणजे आजूबाजूच्यांना कळू नये. सूर्यभानला एवढेच दिसत होते की कापड हलते आहे.

“नाही बापा,” नत्थुजी म्हणाले. “तोंड पाह्य जोडीचं.”

कापड हलले.

“एवढं नाही जमत मामा,” देवीदास म्हणाला.

“तू घरचा म्हनून. दुसरा असता तं कवाचाच उठवला असता.”

कापड पुन्हा हलले, थोडे जास्त. देवीदास हसला. उपरण्याखाली हातावर हात पडल्याचा आवाज झाला आणि नत्थुजींनी उपरणे झटकून खांद्यावर टाकले.

“झाला सौदा. दहावा तुया, सूर्या. आता खुश?”

सूर्यभानने मामांचे पाय धरले. देवीदासने खोके उघडून दहावा टेबलावर ठेवला आणि खाली वाकून जोडी उचलली. दोन्ही. जुवासकट.

“सात कुठे नेतोस?” सूर्यभानने विचारले.

“जोडी घेतली ना म्या.”

“मामा, मी चार म्हणालो होतो.”

“जोडीतला एक बैल कोनी इकते का?” नत्थुजी म्हणाले. “आन्‌ एकटा चार घेऊन तो करन काय? शिंगं लाल, पाठ खरडली, डाव्याकडं ओढते.”

सूर्यभानने देवीदासकडे पाहिले. देवीदासने मान हलवली. “सूर्या, हात मारला बे. आता माघारी घेता येत नाही. मामाले इचार.”

“मले कायले इचारतं? मीच तं मारला,” नत्थुजी म्हणाले. मग त्यांना काही आठवले. त्यांनी जोडी हातात घेतली आणि दोघांच्या पाठीतल्या चाव्या काढून कोनाड्यात ठेवल्या. “जनावर देतो, दावं देत नाही. दावं घरात राह्यलं पाह्यजे.”

“बरोबर हाये,” देवीदास म्हणाला. तोही अंजनगावचाच होता. “चाव्या तिकडं भेटतीन.” त्याने जोडी टॉवेलात गुंडाळून बॅगेत ठेवली, कौशल्येच्या हातचे जेवला आणि दोनच्या गाडीने गेला. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत बॅगेतून घुंगरू ऐकू येत होते.

कौशल्येने कपाट उघडून मोजले. आत सात आणि टेबलावर दहावा. आठ. रिकाम्या झालेल्या जागेत तिने पापडाचा एक डबा ठेवून पाहिला. बसला.

नत्थुजी त्या दुपारी दोन भाकरी जास्त जेवले आणि खाटेवर आडवे झाले. सूर्यभानने कोनाड्यातली चार नंबरची चावी घेऊन दहाव्याला लावून पाहिली. नेमकी बसली. त्याने जुनी रेघ पुसून नवी ओढली, बारा वेढे दिले आणि दहावा सोडला. तो थांबल्यावर फूटपट्टी आणि कोनमापक घेऊन गुडघ्यांवर बसला.

“कोन्याकडं ओढते?” नत्थुजींनी डोळे मिटूनच विचारले.

सूर्यभानने वही उघडली आणि लिहिले: ‘क्रमांक १०. अंतर एक्याऐंशी सेंटिमीटर. विचलन डावीकडे, अकरा अंश.’